उभी आकृती दर वेळी का कलते? कोळशाच्या रेखाटनातील एका हट्टी दोषाचे निदान

प्रत्यक्ष माणूस समोर उभा करून कोळशाने रेखाटन करणाऱ्यांकडून एक तक्रार मी सतत ऐकत आलो आहे, आणि कित्येक वर्षे ती माझीही होती. चेहरा जमतो, छाती आणि दंड जमतात, छायाप्रकाशही बऱ्यापैकी उतरतो. पण चित्र भिंतीला टेकवून चार पावले मागे जाऊन पाहिले की समोर ठाम उभा असलेला माणूस कागदावर मात्र एका बाजूला कलंडताना दिसतो. बहुतेक जण याचा अर्थ ‘माझे ड्रॉइंग कच्चे आहे’ असा लावतात आणि आणखी शंभर रेखाटने करतात, आणि ती शंभरही त्याच बाजूला कलतात. माझा अनुभव असा की या दोषाचे मूळ हाताच्या कौशल्यात फार क्वचित असते. ते बहुधा बोर्ड कसा लावला आहे, आपण कुठे बसलो आहोत आणि समोरच्या माणसाच्या शरीराचा भार नेमका कुठे आहे यांत असते, आणि म्हणून केवळ सराव वाढवल्याने ते जात नाही.

कोल्हापुरात आम्ही काही जण रविवारी सकाळी एका जुन्या वाड्याच्या माडीवर जमतो. मॉडेल म्हणून कधी तालमीतील पैलवान येतात, कधी फेटा बांधलेले एखादे शेतकरी मामा, कधी मंडईत भाजी विकणाऱ्या मावशी. शाहू महाराजांनी खासबागेचे कुस्तीचे मैदान उभारले त्या या गावात लंगोटावर उभा असलेला पैलवान हे दृश्य कोणालाच संकोचाचे वाटत नाही, आणि मानवी शरीराच्या अभ्यासासाठी ही इथली मोठी सोय आहे. पुढे जे लिहितो ते याच बैठकांतून हाती आलेले आहे.

आधी कलण्याची दिशा पाहावी

उपाय सुरू करण्यापूर्वी आपली शेवटची सात-आठ उभी रेखाटने एका ओळीत भिंतीला लावावीत. प्रत्येक कागदाची कड सरळ उभी आहे याची खात्री करावी आणि आकृत्या कोणत्या बाजूला कलतात एवढेच पाहावे. मॉडेल कोणीही असो, भार कोणत्याही पायावर असो, सगळ्या आकृत्या एकाच बाजूला कलत असतील, तर दोष बोर्ड, कागद किंवा हाताच्या वळणात आहे. भार डाव्या पायावर असताना एका बाजूला आणि उजव्या पायावर असताना दुसऱ्या बाजूला कलत असतील, तर आपण शरीराचा भार चुकीचा वाचतो आहोत. कमरेपर्यंत आकृती सरळ आणि पुढे कमरेखाली किंवा कमरेवर तिला वळण लागले असेल, तर बहुधा रेखाटन चालू असताना मॉडेलच हलले आहे आणि आपण अर्धे चित्र एका पोझचे व अर्धे दुसऱ्या पोझचे काढले आहे. ही तपासणी दहा मिनिटांची असते, पण ती न करता जो तो स्वतःच्या आवडीचा उपाय करू लागतो आणि मग काहीच लागू पडत नाही.

एकाच बाजूला कलत असेल तर

माझ्या आकृत्या जवळजवळ दोन वर्षे डावीकडे कलत होत्या. त्यातील चकवणारी गोष्ट ही की काढताना त्या पूर्ण सरळ दिसत आणि घरी आल्यावर कलत. कारण अखेरीस असे निघाले की माडीवरच्या फरशीला पागोळीच्या दिशेने उतार होता, माझा ईझल, म्हणजे बोर्ड ठेवायची तिवई, नेहमी त्याच खिडकीशी असे, आणि त्यामुळे बोर्ड किंचित उजवीकडे झुकलेला असे. मी मॉडेलशी ताडून रेघ खरोखर उभी काढत होतो. पण कागद बोर्डावरून काढून सरळ धरला की तीच रेघ तेवढीच डावीकडे झुके. दोन अंशांचा हा फरक डोळ्याला उभ्याउभ्या जाणवत नाही, परंतु अठरा इंच उंचीच्या आकृतीत तेवढ्याने डोके पायांच्या तुलनेत अर्ध्या इंचाहून अधिक सरकते, आणि उभ्या माणसाचा तोल बिघडायला एवढे पुरेसे आहे.

यावर उपाय गवंड्याकडचा आहे. एक ओळंबा घ्यावा. नसेल तर दोऱ्याला नट बांधावा. तो बोर्डाच्या वरच्या क्लिपला अडकवून मोकळा सोडावा आणि कागदाची कड दोऱ्याला समांतर होईपर्यंत ईझलच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालावी. कागद बोर्डावर तिरपा लावलेला असेल तर तोही याच वेळी कळतो. दर बैठकीच्या सुरुवातीला हे करावे, कारण ईझल कोणी ना कोणी हलवलेला असतो. चित्रकाराच्या हाती ओळंबा असणे या गावाला नवे वाटू नये. कोल्हापूरचे चित्रकार आणि चित्रपटकार बाबूराव पेंटर यांचे घराणेच मेस्त्रींचे होते, आणि चित्र, शिल्प व यंत्र या तिन्हींत चाललेल्या त्यांच्या हाताला मापाचे हे साधन परके असेल असे मला वाटत नाही.

बोर्ड सरळ असूनही आकृती एकाच बाजूला कलत असेल तर हाताकडे पाहावे. उजव्या हाताने काम करणाऱ्याची मनगटातून किंवा कोपरातून ओढलेली उभी रेघ वरून उजवीकडे आणि खालून डावीकडे झुकण्याकडे ओढ घेते, कारण हात कोपराभोवती फिरतो आणि त्याचा मार्ग मुळात वक्र असतो. डावखुऱ्यांचे याच्या उलट होते. लांब रेघ खांद्यातून, कोळशाची कांडी आडवी धरून आणि उभे राहून ओढली की ही ओढ बरीच कमी होते. मांडीवर बोर्ड घेऊन काम करणाऱ्यांना हे शक्य होत नाही, म्हणून शक्य असेल तेव्हा उभे राहून काम करावे, असे मी आग्रहाने सांगतो.

मांडीवरच्या बोर्डाचा आणखी एक दोष इथेच सांगायला हवा, कारण तो कलण्याच्या तक्रारीबरोबर हमखास येतो: डोके मोठे आणि पाय आखूड. बोर्ड आडवा असला की कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून दूर जातो आणि लहान दिसतो; आपण नकळत तो भरून काढण्यासाठी वरचा भाग मोठा काढतो; आणि बोर्ड उभा केला की डोके व खांदे फुगलेले आणि पाय मुलासारखे दिसतात. आपली नजर कागदाच्या मध्यावर काटकोनात पडेल इतका बोर्ड उभा करावा. उजव्या हाताने काम करणाऱ्याने मॉडेल बोर्डाच्या डाव्या बाजूला दिसेल अशी जागा घ्यावी, म्हणजे स्वतःचा हात आड येत नाही आणि मान न वळवता, फक्त डोळे हलवून दोन्ही दिसतात.

अंतराचा प्रश्न

मॉडेलपासून त्याच्या उंचीच्या दुपटीइतके तरी अंतर असावे. साडेपाच फूट उंचीच्या माणसापासून अकरा फूट म्हणजे आमच्या जुन्या घरांतील खोल्यांना अवघड माप आहे. चार फुटांवर बसून पूर्ण आकृती काढणारा प्रत्येक जण चेहरा खालून आणि पावले वरून पाहत असतो. दोन्हींसाठी मान हलते आणि मान हलली की दृष्टिकोन बदलतो. दहा बाय बाराच्या खोलीचा कर्ण मात्र सुमारे साडेपंधरा फूट भरतो. म्हणून मॉडेलला भिंतीच्या मध्याशी उभे न करता एका कोपऱ्यात उभे करावे आणि आपण समोरच्या कोपऱ्यात उभे राहावे; दोघांची जागा वजा जाऊनही अकरा-बारा फूट मिळतात. तिघांहून अधिक जण असतील तर हे सगळ्यांना मिळणार नाही. ज्यांना जवळ बसावे लागेल त्यांनी त्या दिवशी पूर्ण आकृतीचा हट्ट सोडून गुडघ्यापर्यंतचीच आकृती घ्यावी.

भार वाचण्यातील चूक

या तक्रारीचा सर्वांत मोठा वाटा इथे आहे, म्हणून यावर थोडे थांबतो.

माणूस एका पायावर भार देऊन उभा राहिला की त्या बाजूचा नितंब वर चढतो आणि बाहेर येतो, मोकळ्या पायाकडील नितंब खाली येतो, आणि तोल सांभाळण्यासाठी खांद्यांची रेषा उलटी झुकते, म्हणजे भार असलेल्या बाजूचा खांदा खाली येतो. समोरून पाहिले असता गळ्याच्या खळीतून खाली सोडलेला ओळंबा भार घेणाऱ्या पायाच्या आतल्या घोट्यावर किंवा अगदी त्याच्या जवळ येतो. पाठीमागून पाहताना मानेच्या मुळाशी वर आलेला मणका आणि त्याच पायाची टाच यांचा असाच संबंध असतो. दोन्ही पायांवर सारखा भार असेल तर ओळंबा दोन पावलांच्या मध्ये पडतो. एवढे एक नाते पहिल्या मिनिटात कागदावर नोंदवले, तर आकृती पुढे कितीही चुकली तरी पडत नाही. चूक अशी होते की आपण खळी नोंदवतो, मग छाती, पोट, कंबर, मांडी असे उतरत जातो, प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे सरकतो आणि पाऊल येते तिथे ठेवतो. पाऊल शेवटी काढायचे नसते. खळीनंतर कागदावर येणारी दुसरी खूण भार घेणाऱ्या पावलाची असली पाहिजे.

हे करण्याची माझी पद्धत अशी आहे. ओळंबा हातात धरून हात पूर्ण ताठ करावा, एक डोळा मिटावा आणि दोरा मॉडेलच्या खळीवर आणावा. तो खाली कुठे पडतो ते पाहावे, आणि वाटेत बेंबीच्या कोणत्या बाजूने व गुडघ्याच्या कोणत्या बाजूने जातो तेही लक्षात ठेवावे. मग कागदावर मऊ विलो कोळशाने (विलो झाडाच्या काड्या जाळून केलेल्या) अगदी फिकी उभी रेघ ओढावी, आकृतीचे वरचे टोक आणि खालचे टोक ठरवावे, वर दोन बोटे व खाली तीन बोटे जागा सोडावी, आणि अर्ध्यावर खूण करावी. मोठ्या माणसाच्या शरीराचा मध्य साधारणपणे मांड्या जिथे सुरू होतात त्या संधीपाशी येतो, बेंबीपाशी नाही. बेंबीला मध्य धरणाऱ्यांचे पाय नेहमीच कागदाबाहेर जातात किंवा आखूड होतात. यानंतर खळी, पाऊल, खांद्यांचा कल आणि कमरेचा कल अशा चार खुणा झाल्या की मगच बाह्यरेषेला हात घालावा.

आता आमच्याकडच्या मॉडेलांमुळे येणाऱ्या काही खास अडचणी सांगतो. पैलवानाच्या मानेपासून खांद्याकडे उतरणारे स्नायू इतके भरलेले असतात की खांद्याची रेषा डोळ्याला हवी तशी दिसते. तिथे स्नायूंच्या वरच्या कडेवर विश्वास न ठेवता दोन्ही खांद्यांच्या हाडांची टोके शोधावीत आणि त्यांना जोडणारी रेघ पाहावी. कमरेचे हाडही त्यांच्यात मांसाखाली दडलेले असते, आणि नवखे लोक लंगोटाच्या वरच्या कडेलाच कमरेचा कल समजतात. ती कड बांधणाऱ्याच्या सवयीप्रमाणे तिरपी असू शकते. अशा वेळी दोन्ही गुडघ्यांची उंची ताडून पाहावी, कारण मोकळा गुडघा नेहमी वाकतो आणि भार घेणाऱ्या गुडघ्यापेक्षा खाली दिसतो, आणि त्यावरून कमरेचा कल बराचसा कळतो.

शेतकरी मामांचा फेटा हा डोक्याचे माप चुकवतो. उभ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी धरली जाते, ती हनुवटीपासून कवटीच्या माथ्यापर्यंतच्या डोक्याची. फेट्यासकट माप घेतले की एक ‘डोके’ दीडपट होते आणि उंची पाच डोक्यांची भरते, मग माणूस ठेंगणा निघतो. हनुवटीपासून डोळ्यांपर्यंतचे अंतर मोजून ते दुप्पट करावे, कारण डोळे डोक्याच्या जवळजवळ मध्यावर असतात. मामा काठी टेकून उभे असतील तर वर सांगितलेला खळी आणि घोट्याचा नियम लागू पडत नाही. भाराचा काही वाटा काठीने घेतलेला असतो आणि ओळंबा पाऊल व काठी यांच्या मध्ये पडतो. काठी आधी काढावी, तिचे टोक जमिनीवर नेमके कुठे आहे ते पक्के करावे, मग माणूस. काठी शेवटी हातात ‘दिली’ की ती हवेत लटकते.

नऊवारी नेसलेल्या मावशींच्या बाबतीत कंबर दिसतच नाही. तिथे पावलांवरून वर जावे, काष्ट्याच्या निऱ्या कुठून ताणल्या आहेत ते पाहावे; भार असलेल्या बाजूला कापड नितंबावर तंग बसते आणि मोकळ्या बाजूला सैल पडते. वहाणा मात्र कोणाच्याही असोत, काढायला सांगाव्यात, कारण तळ जाड असला की टाच आणि जमीन यांचा संबंध समजत नाही.

चित्र मध्येच वळत असेल तर

वीस मिनिटांच्या पोझमध्ये कोणताही माणूस हलतोच. पहिल्या दोन-तीन मिनिटांत शरीर खाली ‘बसते’: भाराचा नितंब आणखी बाहेर येतो, खांदा आणखी उतरतो, मान पुढे येते. जो पहिल्याच क्षणी खांदे काढतो आणि पंधराव्या मिनिटाला पाय काढतो, त्याच्या चित्रात दोन माणसे जोडलेली असतात. म्हणून पोझ सुरू झाल्यावर तीन मिनिटे फक्त पाहावे, हवे तर वेगळ्या कागदावर हात मोकळा करावा, आणि शरीर स्थिरावल्यावरच मुख्य खुणा घ्याव्यात. फरशीवर दोन्ही पावलांभोवती खडूने रेघ मारून ठेवावी. नजर टेकवायला समोरच्या भिंतीवर एक खूण द्यावी. वीस मिनिटांनंतर पाच मिनिटांची विश्रांती कधीही टाळू नये, आणि विश्रांतीनंतर पावले खडूच्या रेघेत आल्यावर ओळंब्याने खळी पुन्हा तपासावी.

मॉडेलला आणखी एक गोष्ट सांगून ठेवावी, आणि ही चित्रासाठी नव्हे, त्यांच्यासाठी आहे: भाराचा गुडघा मागे ताठ आवळून धरू नये. गुडघे आवळून फार वेळ स्थिर उभे राहिल्याने चक्कर येऊ शकते, आणि धडधाकट पैलवानालाही ती येते. “पैलवान, गुडघा जरा ढिला सोडा” एवढे म्हटले की पुरते. मोबदला आधी ठरवलेला असावा आणि विश्रांतीचा वेळही त्यातच धरलेला असावा.

कोळसा आणि पावसाळा

वरचे सगळे समजले तरी पुष्कळ जण चूक दुरुस्त करत नाहीत, आणि याचे कारण साहित्यात असते. घोटा चुकीच्या जागी आहे हे दिसत असते, पण तोवर तिथे दाबून काढलेला दाबीव कोळसा बसलेला असतो. दाबीव कांडीत बांधणीचा पदार्थ मिसळलेला असतो, म्हणून ती गडद उठते आणि पुसली जात नाही. पहिली वीस मिनिटे फक्त मऊ विलो कोळसा वापरावा, जो सुती फडक्याने झटकला तर उडतो. ज्यांना तो मिळत नाही त्यांनी चिंचेच्या काड्यांचा कोळसा घरी करून पाहावा. कलमकारीचे कारागीर प्राथमिक रेखाटन त्यानेच करतात. साल काढलेल्या सुक्या काड्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भराव्यात, झाकणाला एक बारीक भोक ठेवावे, डबा मोकळ्या जागेत विस्तवावर ठेवून भोकातून येणारा धूर थांबेपर्यंत तापवावा, आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडू नये. गरम असताना हवा लागली तर काड्यांची राख होते.

जून ते सप्टेंबर या काळात आपल्या हवेतला ओलावा कागद शोषून घेतो, कागद फुगतो, मऊ पडतो, आणि कोळसा वर न राहता तंतूंत शिरतो. मग विलोसुद्धा उडत नाही. फडके फिरवले की राखाडी डाग पसरतो. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आडवा ठेवावा, बैठकीच्या आधी कोरड्या खोलीत काढावा, आणि बोर्डावर त्याच्याखाली चार-पाच जुने कागद घालावेत. पावसाळ्यात हाताखाली एक कोरा कागद ठेवणे आवश्यकच समजावे, कारण घामट तळहाताने दाबलेला कोळसा पुट्टी रबराने, म्हणजे मळून आकार देता येणाऱ्या मऊ खोडरबरानेही, निघत नाही. पुट्टी रबर घासू नये, टेकवून उचलावे.

कललेले चित्र वाचवता येते का

पुष्कळदा येते. प्रथम चित्र आरशात पाहावे किंवा खिडकीच्या काचेवर उलटे धरून मागून पाहावे; उलटी आकृती परक्याची वाटते आणि कल लगेच कळतो. संपूर्ण आकृती सारख्याच प्रमाणात कलत असेल आणि जमिनीची रेघ काढलेली नसेल, तर कागद फिरवून त्याच्या कडा नव्याने कापाव्यात. खळी आणि घोटा जोडणारी रेघ कडेला समांतर आली की चित्र उभे राहते. पार्श्वभूमीला खिडकी किंवा दार आले असेल तर हा मार्ग बंद आहे.

फक्त वरचा भाग कलला असेल, तर भार घेणारा पाय कायम ठेवावा आणि कमरेवरचे सगळे फडक्याने झटकून पुन्हा काढावे. मन याच्या उलट सांगते, कारण चेहरा चांगला जमलेला असतो आणि पाय कसेबसे झालेले असतात, म्हणून आपण चेहरा राखून पाय सरकवतो. पण पाय सरकवला की गुडघा, मांडी आणि कंबर तिन्ही सरकवावी लागतात, आणि तोवर पोझ संपलेली असते. झटकल्यावर राहिलेली फिकी छाया तशीच राहू द्यावी. नव्या रेघेला जुन्याची तुलना मिळते आणि किती सरकवायचे ते दिसते. हे सगळे होईपर्यंत फिक्सेटिव्हची, म्हणजे कोळसा कागदावर पक्का करणाऱ्या फवाऱ्याची, बाटली पिशवीतून काढू नये. काढल्यावर मात्र ती हातभर अंतरावरून, खिडकी उघडी ठेवून, दोन पातळ हातांत मारावी आणि पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. पावसाळ्यात यास नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ लागतो.